भट्टी, भाता आणि इशारा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत एकोडी नांवाचें गांव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनीं पूर्वीं बांधलेल्या तलावांचें पाणी या भागांतील बांध्यांत खेळतें आणि त्यावर धानाचें पीक उभें राहतें. धानाच्या शेतीला नांगराचा फाळ लागतो, कापणीला विळा लागतो. आणि जेथें फाळ व विळा आले, तेथें लोहाराची भट्टी आलीच. अशा गांवांतून लोहार हा बलुतेदार असे आणि त्याच्या भट्टीवर पेरणीपूर्वीं कुणब्यांची रीघ लागे.

या भट्टीचें काम परंपरेनें दोघांचें असे. एकजण सांडशींत लोखंड धरून तें विस्तवांत ठेवी. दुसरें कोणी, बहुधा घरांतील स्त्री किंवा हाताखालचा मुलगा, भाता ओढी. पहिल्याला लोखंडाचा रंग दिसे, परंतु त्याचे हात गुंतलेले असत. दुसऱ्याचे हात भात्यावर असत, परंतु लोखंड केव्हां तयार झालें हें ठरविण्याचा अधिकार त्याचा नव्हता. म्हणून पहिल्यानें मान हलवावी किंवा नुसता हुंकार द्यावा, आणि दुसऱ्यानें वारा वाढवावा किंवा थांबवावा. या दोघांमधील त्या एवढ्याशा इशाऱ्यावर विळ्याच्या धारेचें पाणी अवलंबून असे.

उष्णता जाणणें, जाणलेलें कळविणें आणि वारा घालणें अशीं हीं तीन निराळीं कामें आहेत. अग्नीचा उपयोग करणाऱ्या प्रत्येक धंद्यांत तीं दृष्टीस पडतात. हजारों वर्षें हीं तिन्ही कामें मनुष्यानेंच केलीं. पुढें प्रथम वारा घालण्याचें काम यंत्राकडे गेलें, मग उष्णता जाणण्याचें गेलें, आणि सर्वांत शेवटीं इशारा देण्याचें काम विजेच्या तारेकडे गेलें. आज शीत देशांतील घरोघरीं तळघरांत जी भट्टी असते, तिच्या पंख्याला भिंतीवरचा थर्मोस्टॅट इशारा देतो. मनुष्य मधून निघून गेला आहे. परंतु लोहाराच्या भट्टीपुढें उभा राहणारा प्रश्न तेथेंही तसाच उभा राहतो : आंच कमी पडली, तर दोष कोणाचा? पाहणाऱ्याचा, सांगणाऱ्याचा, कीं वारा घालणाऱ्याचा? या प्रश्नाचें उत्तर ज्या ज्या काळीं उतावीळपणें दिलें गेलें, त्या त्या काळीं कोणावर तरी अन्याय झाला आहे.

विदर्भांत अग्नि आणि वारा यांची ही जोडी फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यांत पेंच नदीच्या कांठीं नायकुंड म्हणून गांव आहे. तेथें १९७८ ते १९८० या काळांत डॉ. शां. भा. देव व डॉ. अरविंद जामखेडकर या पुरातत्त्वज्ञांनीं उत्खनन केलें. आपल्या मृतांसाठीं मोठमोठ्या शिळांचीं वर्तुळें रचणाऱ्या प्राचीन लोकांची ती वस्ती होती. तिच्यांत लोखंड गाळण्याच्या एका लहान भट्टीचे अवशेष सांपडले. बाकदार विटांनीं रचलेली ती भट्टी, तिच्या आसपास पडलेलें लोहकीट, आणि वारा आंत नेणाऱ्या मातीच्या नळीचे अवशेष असा तो ऐवज होता. या वस्तीचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे गौतम बुद्धाच्याही आधीं या प्रदेशांत कोणी तरी भात्याशीं बसून दुसऱ्याच्या इशाऱ्याची वाट पाहत होतें. कातड्याचा भाता कुजून गेला, तो चालविणारे हात गेले. मातीची नळी तेवढी मागें राहिली.

खुद्द भंडाऱ्याच्या नांवांतही धातूचा नाद आहे. रतनपूर येथील इ. स. १११४ च्या शिलालेखांत या स्थळाचा उल्लेख ‘भाणार’ असा येतो, आणि स्थानिक समजुतीप्रमाणें या नांवाचा संबंध पितळेच्या भांड्यांशीं जोडला जातो. पितळेच्या कामासाठीं हें शहर दीर्घकाळ प्रसिद्ध होतें. पितळ काय, लोखंड काय, दोन्ही भात्याचींच लेंकरें.

लहान भट्टींत लोखंड तयार होतें कसें, हें समजल्यावांचून इशाऱ्याचें महत्त्व समजणार नाहीं. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. मातीच्या लहान भट्टींत ती सहसा साधत नसे, आणि ती साधण्याची गरजही नव्हती. कोळसा अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे जो वायु निघतो, तो खनिजांतील प्राणवायु ओढून घेतो आणि लोखंड मोकळें होतें. सुमारें १२०० अंशांवर खनिजांतील मातीचा व दगडाचा भाग वितळून कीट होतें व खालीं वाहून जातें. आंत उरतो तो लोखंडाचा सच्छिद्र, स्पंजासारखा गोळा. तो तापलेला असतांनाच घणाखालीं घालून ठोकावा लागतो, तेव्हां त्यांतील उरलेलें कीट बाहेर पडतें.

आतां वारा कमी पडला तर काय होतें? कीट पातळ होत नाहीं, लोखंडाला चिकटून राहतें आणि सारी भट्टी गोठते. वारा फार झाला तर? कोळसा व्यर्थ जळून जातो. नळीच्या तोंडाशीं तयार झालेलें लोखंड पुन्हां गंजासारखें होऊन कीटांत मिसळतें. किंवा आंच भलतीच वाढून लोखंड कोळशाचा अंश पिऊन घेतें आणि घणाखालीं फुटण्याइतकें ठिसूळ होतें. दोन्हींकडे नुकसानच. या दोहोंमधील वाट अरुंद होती, आणि ती दाखविण्यास कोणतेंही मापक हाताशीं नव्हतें. होते ते डोळे आणि कान.

हे डोळे किती शिकलेले होते, याची साक्ष जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांत आहे. सुमारें बाराव्या शतकांतील ‘रसार्णव’ नांवाच्या ग्रंथांत कोणत्या धातूनें ज्वालेला कोणता रंग येतो हें सांगितलें आहे. तांब्यानें ज्वाला निळी होते, कथलानें पारव्याच्या रंगाची, शिशानें फिकी आणि लोखंडानें पिंगट, असा त्याचा आशय आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासांत या स्थळाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्या इतिहासाचा पहिला भाग १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. लोहाराला संस्कृत येत नव्हतें. परंतु हेंच ज्ञान त्याच्या डोळ्यांत होतें. काळसर तांबडें लोखंड सुमारें सहासातशें अंशांवर असतें, नारिंगी हजाराच्या आसपास, पिवळें अकराशेंच्या वर आणि पांढरें तेराशेंच्याही पुढें. अंश हा शब्द त्यानें ऐकलेला नसे, पण फाळ कोणत्या रंगावर ठोकावा आणि विळा कोणत्या रंगावर पाण्यांत बुडवावा, यांत त्याची चूक क्वचितच होई.

भंडाऱ्याच्या उत्तरेस बालाघाट आणि त्यापलीकडे मैकल पर्वताचा प्रदेश आहे. तेथील अगरिया नांवाची जमात खनिजापासून लोखंड काढण्याचा धंदा विसाव्या शतकापर्यंत करीत होती. व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या लोकांची समग्र हकीकत दिली आहे. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर, म्हणजे लोखंडाचा, कोळशाचा आणि अग्नीचा असुर, हीं त्यांचीं दैवतें. धंद्याला लागणारी प्रत्येक वस्तु कोणा एकाच्या अधीन आहे आणि एक जरी रुसला तरी काम होत नाहीं, अशी ही श्रद्धा. तिच्यांतील देवकल्पना बाजूस ठेवली, तर तिच्या मुळाशीं असलेला व्यवहार अगदीं खरा आहे.

अगरियांचा भाता पायांनीं चालतो. दोन वर्तुळाकार पात्रांवर कातडें ताणून बसविलेलें असतें आणि प्रत्येक कातड्याच्या मधोमध भोंक असतें. चालविणारा, आणि कित्येकदां चालविणारी, एकेक पाय एकेका भात्यावर ठेवून उभी राहते. टांचेनें भोंक बंद करून भार दिला कीं कोंडलेला वारा नळीवाटे भट्टींत जातो. टांच उचलली कीं वांकविलेल्या बांबूला बांधलेली दोरी कातडें पुन्हां वर ओढते आणि भोंकांतून हवा आंत येते. एक पाय खालीं, एक वर. त्यामुळें वाऱ्याला खंड पडत नाहीं. टांच हीच येथें झडप, आणि पाय हेंच यंत्र. चालीचा वेग वाढला कीं भट्टीचा आवाज बदलतो आणि त्या आवाजावरून जाणता मनुष्य आंतील स्थिति ओळखतो. येथें पाहणारा, सांगणारा आणि वारा घालणारा इतके जवळ आहेत कीं इशारा म्हणून निराळी वस्तु जवळजवळ उरतच नाहीं.

आणि भट्टी बिघडली तर? कोणाची दृष्ट लागली, कोणी करणी केली, अशीही शंका घेतली जाई आणि तिच्यावर तोडगेही होत. परंतु नळी कीटानें बुजली आहे काय, कातडें फाटलें आहे काय, कोळसा ओला आहे काय, हेंही पाहिल्यावांचून काम पुढें जात नसे. कारण तोडगा करून भागलें तरी नळी मोकळी केल्यावांचून वारा जात नाहीं. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तो मनुष्य दोषाचा शोध एकाच ठिकाणीं थांबवीत नाहीं.

पुढें या भट्ट्या एकामागून एक थंड झाल्या. १८६७ सालीं मुंबईकडून आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत ती भंडाऱ्याच्या भागांतून छत्तीसगडाकडे गेली. त्या वाटेनें विलायती लोखंडाच्या तयार पट्ट्या व सळ्या स्वस्त दरानें बाजारांत येऊं लागल्या. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारी राखीव वनांत लांकूडतोड व कोळसा पाडणें यांवर निर्बंध आले. शिवाय भट्टीवर कर बसला. गांवच्या लोहारानें खनिज गाळलेल्या लोखंडाऐवजीं बाजारचें लोखंड घेऊन त्याचा फाळ करण्यास आरंभ केला. भाता राहिला, पण त्याचें निम्में काम गेलें. या ऱ्हासाचें कारण विचारलें असतां, देशी कारागीर अडाणी होता आणि त्याची पद्धति टाकाऊ होती, असें उत्तर पुष्कळदां दिलें गेलें. त्याची पद्धति लहान प्रमाणावरची आणि कोळशाची उधळण करणारी होती हें खरेंच आहे. परंतु भट्टीला सर्पण कोठून मिळणार हा प्रश्न सोडून तिच्या चालकाच्या बुद्धीला दोष देणें म्हणजे वारा बंद करून विस्तवावर रागावणें होय.

दोषाचें स्थान चुकविण्याचें किंवा अचूक शोधण्याचें फळ काय मिळतें, याचें एक उदाहरण याच प्रांतांत घडलें. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें उत्तम लोहखनिजाची टेकडी आहे आणि त्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास दगडी कोळसा निघत होता. रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञानें १८८२ सालीं या खनिजासंबंधीं सरकारला अहवाल दिला. नागपुरास एम्प्रेस मिल काढून बसलेल्या जमशेटजी टाटांच्या हातीं तो पडला आणि लोखंडाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. पण वरोऱ्याचा कोळसा या कामीं उपयोगी ठरेना. त्यापासून भट्टीचा भार सहन करणारा कोक होत नव्हता. येथें कोणी म्हणूं शकला असता कीं हिंदुस्थानांत लोखंड होणेंच शक्य नाहीं. तसें म्हणणारे होतेही. टाटांनीं मात्र साखळीचा एकेक दुवा निराळा करून पाहिला. खनिज चांगलें आहे, कोळसा नाहीं. तर मग चांगला कोळसा जेथून जवळ आहे तेथें खनिज शोधावें. प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञांनीं १९०४ सालीं मयूरभंजांतील खनिजाची माहिती टाटांच्या मंडळीस कळविली. १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली. आणि १९११ च्या डिसेंबरांत जमशेदपूरच्या झोतभट्टींतून पहिलें लोखंड वाहूं लागलें. जमशेटजी १९०४ सालींच वारले होते. त्यांचा शोध मात्र योग्य दुव्यावर येऊन थांबला होता.

वाऱ्याचें काम मनुष्याच्या हातापायांतून यंत्राकडे जाण्याची हकीकत याहून जुनी आहे. चीन देशांत तू शि नांवाच्या अधिकाऱ्यानें इ. स. ३१ मध्यें पाणचक्कीनें भाते चालविले, असें तेथील इतिहासांत नमूद आहे. इंग्लंडांत जॉन विल्किन्सन यानें १७७६ सालीं जेम्स वॅटचें वाफेचें यंत्र आपल्या भट्टीला वारा घालण्यास लावलें. स्कॉटलंडांत जेम्स नील्सन यानें १८२८ सालीं भट्टींत जाणारा वारा आधींच तापविण्याची युक्ति काढली आणि त्यामुळें कोळशाची फार मोठी बचत झाली. यंत्राचा भाता थकत नाहीं, हा त्याचा गुण. पण मान हलविली तर तें थांबत नाहीं, हा त्याचा दोष. वारा घालणारा आंधळा व बहिरा झाला. त्याला इशारा देण्यासाठीं आतां नवी भाषा हवी होती.

ती भाषा विस्तारणाऱ्या पदार्थांनीं दिली. उष्णतेनें पदार्थ फुगतात व थंडीनें आकसतात, हें सर्वांस ठाऊक होतें. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकानें सतराव्या शतकाच्या आरंभीं अंडीं उबविण्यासाठीं एक पेटी केली. तिच्यांतील मद्यार्क तापून फुगे, पाऱ्याला ढकली, आणि पारा एका दांडीच्या द्वारें विस्तवावरील झांकण मिटवी. विस्तव मंदावला कीं झांकण पुन्हां उघडे. आपल्या उष्णतेची खबर घेऊन आपलाच वारा कमीजास्त करणारी ही भट्टी म्हणजे आजच्या साऱ्या नियामक यंत्रांची पूर्वज. अठराव्या शतकांत जॉन हॅरिसन या घड्याळजीनें पितळ व पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींस जखडून टाकल्या. पितळ अधिक फुगतें, पोलाद कमी. म्हणून उष्णतेनें जोडपट्टी वांकते. त्याला घड्याळ अचूक चालवायचें होतें; पुढें या वांकणाऱ्या पट्टीचा उपयोग घरें ऊबदार ठेवण्याकडे झाला. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञानें अशा साधनाचें पेटंट १८३० सालीं घेतलें आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें.

तरीही इशारा दूरवर पोंचविण्याचें काम उरलें होतें. तें पुढें आलें एका शाळेंत. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर येथील अध्यापकविद्यालयांत वॉरन जॉन्सन नांवाचे शिक्षक होते. तेथें कडक थंडी. तळघरांत भट्टी, आणि वर वर्ग. शाळेचा झाडूवाला अमुक अमुक वेळानें प्रत्येक वर्गांत शिरे, उष्णतामापक पाही, आणि खालीं जाऊन भट्टीवाल्याला वाढवा किंवा कमी करा असें सांगे. शिकवितांना ही ये-जा जॉन्सन यांस त्रासदायक वाटे. त्यांनीं भिंतीवर विजेचें साधन बसविलें. खोली ठराविक मर्यादेबाहेर गेली कीं विजेचें मंडळ जुळे आणि तळघरांत घंटा वाजे. घंटा ऐकून भट्टीवाला झडप फिरवी. या साधनाचें पेटंट त्यांना १८८३ सालीं मिळालें. एकोडीसारख्या गांवांतील लोहाराचा हुंकार आणि व्हाइटवॉटरची घंटा यांत तत्त्वतः कांहीं फरक नाहीं. दोहोंच्या टोकाला ऐकणारा मनुष्यच आहे. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, मिनिआपोलिस येथील अल्बर्ट बट्झ यानें तो मनुष्यही काढून टाकला. त्याच्या योजनेंत खोली थंड होतांच विजेनें एक लहान मोटार सुटे आणि ती भट्टीची हवेची झडप स्वतःच उघडी. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विजेचा पंखा भट्टीला जोडला गेला, आणि तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून घरभर ढकलूं लागला. वारा आतां विस्तवाला घालावयाचा नव्हता. विस्तवाची ऊब माणसांपर्यंत न्यावयाची होती.

आज उत्तर अमेरिकेंत हजारों मराठी कुटुंबें राहतात, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या तळघरांत अशी भट्टी असते. जानेवारीच्या रात्रीं बाहेर शून्याखालीं वीस अंश असतां घर थंड पडूं लागतें. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ऊब मागतो आहे असें दिसतें, पण पंखा फिरत नाहीं. घरांत तान्हें मूल असतें, वृद्ध आईवडील असतात. अशा वेळीं पहिला दोष थर्मोस्टॅटवर येतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. आणि तो बदलूनही पंखा फिरला नाहीं म्हणजे मनुष्य हताश होतो.

येथें इशाऱ्याची वाट ठाऊक असली पाहिजे. थर्मोस्टॅटकडे जाणारी वीज चोवीस व्होल्टची, सौम्य असते. ‘आर’ या तारेनें ती येते. ऊब हवी असतां थर्मोस्टॅट ‘आर’ची गांठ ‘डब्ल्यू’शीं घालतो, आणि नुसता पंखा हवा असतां ‘जी’शीं. घोटाळा होतो तो येथेंच. बहुतेक वायूच्या भट्ट्यांत ऊब मागितल्यावर थर्मोस्टॅट पंख्याला कांहींच सांगत नाहीं. तो फक्त भट्टीला सांगतो. भट्टी पेटते, ज्योत लागल्याची खात्री होते, आंतील पत्रा तापण्यास थोडा अवधि जातो, आणि मग भट्टीच पंख्याला हांक देते. जुन्या भट्ट्यांत हें काम हॅरिसनच्या त्याच वांकणाऱ्या जोडपट्टीकडे असे. थंड हवा अंगावर येऊं नये म्हणून हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो.

म्हणून शोधाची रीति अशी. थर्मोस्टॅटवर पंखा ‘चालू’ करून पाहावा. पंखा फिरला, तर मोटार आणि तिची वीज बहुधा ठीक. दोष ऊब मागण्याच्या वाटेवर, म्हणजे भट्टी पेटण्यांत किंवा तिच्याकडून पंख्याला जाणाऱ्या हांकेंत. ‘बहुधा’ असें म्हणण्याचें कारण कीं पुष्कळ मोटारींना दोन वेग असतात, आणि एक चालतो म्हणून दुसराही चालेलच असें नाहीं. पंखा फिरला नाहीं, तर जाणत्यानें भट्टीपाशीं जाऊन तेथेंच ‘आर’ व ‘जी’ यांची गांठ घालून पाहावी. आतां फिरला, तर दोष थर्मोस्टॅटमध्यें किंवा भिंतींतून आलेल्या तारेंत. तरीही फिरला नाहीं, तर चोवीस व्होल्ट येतात काय तें मोजावें. येत नसतील, तर भट्टीचें दार नीट न लागल्यानें कळ सुटली आहे, फ्यूज उडाला आहे, किंवा ट्रान्सफॉर्मर गेला आहे. येत असतील, तर पुढें रिले, कपॅसिटर आणि मोटार यांची पाळी. तेथें घरगुती विजेचा पूर्ण दाब असल्यानें तें काम जाणत्याकडेच सोंपवावें. साखळी मधोमध तोडून कोणतें अर्धें जिवंत आहे हें पाहावयाचें, आणि मेलेलें अर्धें पुन्हां तोडावयाचें, एवढेंच या शोधाचें सार.

उलट तक्रारही येते : पंखा थांबतच नाहीं. येथें तर उतावीळ दुरुस्ती घातक ठरते. हवा गाळणारी जाळी धुळीनें भरली कीं भट्टीवरून पुरेशी हवा वाहत नाहीं आणि भट्टी प्रमाणाबाहेर तापते. तेव्हां मर्यादेची कळ सुटून वायु बंद होतो आणि पंखा चालूच राहतो, भट्टी थंड व्हावी म्हणून. घरच्या माणसाला वाटतें पंखा बिघडला. वास्तविक तो घर वाचवीत असतो. ती कळ तारेनें बांधून टाकली, तर पंखा शहाण्यासारखा वागूं लागतो, आणि आंतला पत्रा तडकून विषारी वायु घरांत शिरण्याची वाट मोकळी होते. तक्रार करणाऱ्याचें तोंड बंद करणें ही दुरुस्ती नव्हे.

ही विद्या शीत देशांपुरती नाहीं. एकोडीच्या मुलखाचें जें जीवन, तें धान, यंत्रानें सुकवितात तेव्हांही भट्टी, पंखा आणि थर्मोस्टॅट हीच त्रयी कामाला लागते. अनेक ठिकाणीं तर जळण म्हणून धानाचाच कोंडा वापरतात. खाण्याच्या धानाला आंच फार झाली तर दाणा तडकतो आणि कांडतांना कणी होते. बियाण्याच्या धानाला तर सुमारें ४३ अंशांपलीकडची हवा लागूं देत नाहींत, कारण तिनें आंतला अंकुर मरतो. मेलेलें बी जिवंत बियासारखेंच दिसतें. चुकीचा इशारा कोणी ऐकला आणि कोणी ऐकला नाहीं, हें त्या दिवशीं कळत नाहीं. तें कळतें मृग लागून पऱ्हे टाकल्यावर, जेव्हां शेजारच्या बांधींत हिरवें लुसलुशीत रोप वर येतें आणि आपल्या बांधींत नुसतें पाणी दिसतें.